उजव्या पायाचा फंडा

‘‘तुमच्याकडे फरशी बदलताय का हो?’’

खालच्या मजल्यावरच्या काकूंनी दार वाजवून हे विचारलं, तेव्हा मी घामाघूम होऊन हॉलच्या मधोमध उभा होतो. पायात टॅप शूज, खाली प्लायवूडचा तुकडा, समोर लॅपटॉपवर पॉज केलेला व्हिडिओ. काकूंनी माझ्याकडे, मग बुटांकडे, मग सोफ्यावर पेपर वाचत बसलेल्या बाबांकडे पाहिलं. बाबांनी पेपर थोडा वर केला. मी म्हटलं, ‘‘डान्स आहे काकू.’’ त्या म्हणाल्या, ‘‘असं होय,’’ आणि गेल्या. दुसऱ्या दिवसापासून प्रॅक्टिस रात्री आठच्या आत, असा सोसायटीचा फतवा निघाला.

टॅपचं वेड मला लागलं ते ‘हॅपी फीट’ या 2006च्या सिनेमामुळे. त्यातला तो पायांनी ठेका धरणारा पेंग्विन आठवतोय? त्याच्या पायांची करामत सॅव्हियन ग्लोव्हर या अफलातून टॅप डान्सरची होती. ऐरोलीतला जॉब, रोजचे दोन तास ट्रेनमध्ये, वीकेंडला मॉल, हे सगळं किती वर्षं करायचं? तिशी जवळ आली की माणूस जिम लावतो, गिटार घेतो किंवा लग्न करतो. मी अंधेरीतला टॅपचा क्लास लावला. शफल, फ्लॅप, बॉल-चेंज. सहा महिन्यांत मला बऱ्यापैकी जमायला लागलं. निदान मला तरी तसं वाटत होतं.

जून 2025 मधल्या एका रविवारी मी असाच खडखडाट करत होतो. बाबा नेहमीसारखे पेपरामागे. अचानक पेपरामागून आवाज आला, ‘‘तुझा उजवा उशिरा पडतोय.’’

मी थांबलो. बाबांनी पेपर खाली केला नव्हता. पण चपलेतला त्यांचा उजवा पाय हलत होता, आणि मी जिथे चुकत होतो नेमका तिथे तो बरोबर पडत होता.

‘‘तुम्हाला काय माहीत?’’ मी विचारलं.

‘‘काही नाही,’’ म्हणाले, आणि पान उलटलं.

आमचं गाव रोहा तालुक्यात. आईचं माहेर पेणजवळ. बाबा 1981 पासून मुंबईत, रिटायर होईपर्यंत एकाच ऑफिसात क्लार्क. गाणं नाही, नाच नाही, सोसायटीच्या गणपतीतही कोपऱ्यात खुर्ची टाकून बसणार. या माणसाला ठेका कळतो? आईला विचारलं, तर ती भांडी घासता घासता म्हणाली, ‘‘काकाला फोन कर. मला नको विचारूस.’’

काका गावाला असतो, भातशेती आणि गणपतीत ढोलकी. फोनवर तो आधी हसला आणि मग म्हणाला, ‘‘अरे, तुझा बापूस आमच्या पार्टीचा पुढचा नाच्या होता. जाखडीचा. तुला ठाव नाय?’’

आणि त्याच दमात, ‘‘आवंदा आमचा एक गडी कमी हाय. आखातात गेला कामाला. सात जणांचं रिंगण बरं दिसत नाय. तू येतोस का?’’

म्हणे बाल्या!

जाखडी म्हणजे काय, हे कोकणाबाहेरच्या मित्रांना सांगावं लागतं. गोल रिंगण करून पुरुष नाचतात. रिंगणाच्या मध्ये शाहीर, ढोलकीवाला, झांज आणि मागे गाणारे झीलकरी बसतात. नाचणाऱ्यांच्या एका पायात चाळ, म्हणजे घुंगरांचा पट्टा. ‘जखडणे’ या शब्दाशी या नावाचं नातं सांगतात. आणि रिंगणात उभं राहिल्यावर ते पटतं, कारण तुम्ही एकदा आत जखडलात की एकट्याने काहीही करता येत नाही. गणपती आणि शिमगा हे दोन मुख्य हंगाम. रायगड आणि रत्नागिरीत गावोगाव पार्ट्या आहेत, आणि मुंबईत जिथे जिथे कोकणातला माणूस आहे तिथेही.

हा नुसता नाचही नाही. दोन पार्ट्या समोरासमोर आल्या की त्याला शक्ती-तुरा म्हणतात. एक बाजू शक्तीची, म्हणजे कलगीवाले. दुसरी शिवाची, म्हणजे तुरेवाले. थोर कोण, देवी की महादेव, हा वाद शेकडो वर्षं चाललाय आणि देवाच्या कृपेने अजून मिटलेला नाही. आधी गण, मग गवळण, मग पुराणातले सवाल आणि त्यांना पदातूनच जवाब. शाहिरांच्या गुरुपरंपरा असतात, हाताने लिहिलेल्या वह्या असतात, आणि समोरच्या शाहिराला उत्तर सुचलं नाही की प्रेक्षक काय करतात ते बघण्यासारखं असतं. परळच्या दामोदर नाट्यगृहात असे सामने वर्षानुवर्षं रंगले. तिकीट काढून, हाऊसफुल्ल.

पण मुंबईला या नाचाचं दुसरंच नाव माहीत आहे, बाल्या डान्स. कोकणातून मुंबईत घरकामाला आलेल्या गड्यांच्या कानात बाळी असायची, म्हणून ते ‘बाल्या’. माझे आजोबा गिरगावात एका घरी कामाला होते. पाणी भरायचं, भांडी, बाजारहाट, मालकांच्या मुलांना शाळेत सोडणं. गणपतीत सुटी मिळाली की हेच गडी गावाला जाऊन रात्र रात्र नाचायचे. मुंबईने त्यांचं नाव उचललं आणि नाचाला चिकटवलं. विनोदी नाटकातला रामा गडी, त्याची ती चड्डी, ते ‘काय शेठ’... आपण सगळे त्यावर हसलोय. मीही हसलोय. आजोबांचा फोटो समोर भिंतीवर असताना.

शनिवारची दिवा-रोहा

गावाला लावणी उरकली की प्रॅक्टिस सुरू होते. जुलैच्या मध्यापासून गणपतीपर्यंत सात शनिवार-रविवार. मी टीम लीडला सांगितलं, ‘‘वीकेंडला लॅपटॉप उघडणार नाही.’’ त्याला वाटलं मी दुसरीकडे इंटरव्ह्यू देतोय. त्या गैरसमजाचा मला बराच फायदा झाला, तो असो.

रस्त्याने जायचं नाव काढू नका. मुंबई-गोवा हायवेच्या चौपदरीकरणाचं काम 2011 मध्ये सुरू झालं आणि 2025चा गणपती आला तरी ते संपलेलं नव्हतं. दिव्याहून रोह्याची गाडी पकडायची. पनवेल सुटलं की गर्दी थोडी कमी होते, पेण गेलं की खिडकीबाहेर फक्त हिरवं. रोहा स्टेशनला उतरायचं. इथून पुढे कोकण रेल्वेची हद्द सुरू होते. मग एसटी, मग दोन किलोमीटर चिखल.

पहिल्या दिवशी काकाच्या खळ्यात सात जण उभे होते. एक रिक्षावाला, एक शिक्षक, दोघं रोह्याजवळच्या धाटाव एमआयडीसीत शिफ्ट करणारे, बाकीचे कॉलेजची पोरं. शिकवणारे नाना, वय 73, अंगात बनियन, तोंडात तंबाखू. मी टॅप शूज बॅगेतून काढले. (हो, नेले होते. हसा.) नानांनी एक बूट हातात घेतला, तळाची पत्री नखाने वाजवून बघितली आणि म्हणाले, ‘‘बैलाला ठोकतात तसली नाल हाय ही.’’ बूट खाटेखाली गेले ते सात आठवडे तिथेच राहिले.

मला वाटलं होतं, सहा महिने टॅप केलंय, हे तर सोपं जाईल. ढोलकी सुरू झाल्यावर मी पायाने दोन-चार जास्तीचे ठोके टाकून दाखवले. क्लासमध्ये यावर टाळ्या पडतात. नानांनी हात वर करून ढोलकी थांबवली.

‘‘लई बोलतोस रं पायानं.’’

मग मला चाळ दिलीच नाही. दोन आठवडे. अनवाणी, बाकीच्यांबरोबर रिंगणात नुसतं चालायचं. ढोलकीवर चालायचं, वळायचं, पुन्हा चालायचं. पुढच्याच्या पाठीपासून माझं अंतर आणि मागच्याचं माझ्यापासून अंतर सारखं राहिलं पाहिजे. रिंगण अंड्यासारखं झालं की नाना खडा मारायचे. खरोखरचा खडा. निशाणा अचूक.

तिसऱ्या शनिवारी चाळ मिळाली आणि त्या दिवशी मला टॅप आणि जाखडी यातला खरा फरक कळला. टॅपमध्ये आवाज कुठून येतो? बुटाची पत्री लाकडाला लागते तेव्हा. पाय हवेत असला की शांतता, फुकटात. इथे उलटं. खाली शेणाने सारवलेली जमीन, तिच्यातून आवाज येतच नाही. आवाज चाळेचा. आणि चाळ पाय जमिनीवर असताना वाजते, हवेत वाजते, खाजवायला पाय हलवला तरी वाजते. सगळ्या खळ्याला चुगली करते. त्यामुळे पाय आपटणं ही निम्मीच कला. उरलेली निम्मी म्हणजे चाळ गप्प करणं. आठही पाय एकदम पडायचे, एक छनक, आणि मग काही नाही. मी सोडून सात जणांचं ‘काही नाही’ व्हायचं. माझं आपलं छुन छुन छुन.

‘‘गुडघ्यात धर तिला,’’ नाना म्हणायचे. म्हणजे काय? पाच रविवार गेले तेव्हा कळलं. घोट्याने थांबवायला गेलं की घुंगरू थरथरतं. गुडघा किंचित वाकवून सगळं वजन एकदम त्या पायावर सोडलं की पाय जमिनीत रुततो आणि घुंगरू गप्प होतं. हे कुठल्याही व्हिडिओत दिसत नाही. मी सांगूनही तुम्हाला कळलं नसणार.

ऑफिसात माझी अवस्था काय विचारता! सोमवारी जिना चढताना कठडा धरायचो. पोटऱ्या दगड. क्लायंटच्या कॉलवर मी बोलत असताना पुण्याच्या टीममधली एक जण म्हणाली, ‘‘तुझ्या इथे काहीतरी ठकठकतंय.’’ टेबलाखाली माझा उजवा पाय स्वतःहून गवळण नाचत होता.

एक गोष्ट मात्र टॅपमुळेच लक्षात आली. टॅपचा इतिहास क्लासमध्ये सांगितला होता तेव्हा मी फोन बघत होतो. गावाला रात्री झोप येईना तेव्हा तो नीट वाचला. अमेरिकेत साउथ कॅरोलिनात 1739 मध्ये गुलामांनी बंड केलं आणि 1740 मध्ये कायदाच आला, गुलामांनी ढोल वाजवायचे नाहीत. ढोल गेले तेव्हा तो ठेका हातापायांत उतरला, असं सांगतात. पुढे गरीब आयरिश लोकांच्या जिगशी त्याची भेट झाली आणि त्यातून टॅप घडला. नंतर कित्येक वर्षं गोरे नट तोंडाला काळं फासून त्याच लोकांची नक्कल करायचे आणि थिएटर हसून लोळायचं. ते वाचून मी फोन उलटा ठेवला. मला रामा गडी आठवला.

पेणला चाळ घ्यायला गेलो तेव्हा

पाचव्या आठवड्यात माझ्या चाळेचा पट्टा तुटला. काकाने सांगितलं, ‘‘पेणला जा, मामा घेऊन देईल.’’ मामाचा हमरापूरला गणपतीचा कारखाना आहे. ऑगस्टमध्ये पेण, हमरापूर, जोहे या भागात कुठल्याही घरात डोकावा, पडवीपासून माळ्यापर्यंत गणपती. मामा डोळ्यांची आखणी करत होता, आणि आखणी चालू असताना मामाशी बोलायचं नाही हा लहानपणापासूनचा नियम. मी तीन गणपती होईपर्यंत उभा राहिलो.

मग पेणच्या बाजारात गेलो. मामा घुंगरू कानाशी धरून, एक एक वाजवून बघत होता. हलकी, चकचकीत घुंगरं त्याने बाजूला सारली. पितळेची, जड, जरा बद्द आवाजाची निवडली. मी विचारलं, ‘‘मामा, तुम्हाला यातलं कळतं?’’

‘‘मला नाही कळत. तुझ्या बाबांनी 1983 साली अशीच निवडली होती, मी बरोबर होतो. अरे, तुझ्या आईचं लग्न ठरलं कशामुळे? आमचे वडील सामना बघायला गेले होते. घरी येऊन म्हणाले, एक पोरगा आहे, रिंगणात त्याच्याकडेच बघत राहावंसं वाटतं, पण तो एकटा कुठे पुढे येत नाही. असा माणूस संसार नीट करेल.’’

माझ्या आईचं स्थळ चाळेच्या आवाजावर ठरलं होतं आणि मला हे 29व्या वर्षी पेणच्या बाजारात कळत होतं. पुढचं मी विचारलंच. मग बाबांनी सोडलं का? मामा पोहे-पापडांची पिशवी माझ्या हातात देत म्हणाला, ‘‘ते त्यांनाच विचार.’’

विचारलं. त्याच रात्री, चाळ टेबलावर ठेवून. बाबा बराच वेळ तिच्याकडे बघत राहिले. मग सांगितलं, एखादा जुना हिशेब सांगावा तसं. लग्नानंतरच्या वर्षी ऑफिसच्या स्नेहसंमेलनात साहेबांनी आग्रह केला की तुमच्याकडचं काहीतरी होऊ द्या. बाबा खूश झाले. काकाला ढोलकीसह बोलावलं, गावची चार माणसं आणली, धोतरं धुऊन इस्त्री करून घेतली. गण सुरू झाला आणि पहिल्या रांगेतून कोणीतरी ओरडलं, ‘‘ए बाल्या, पाणी आण!’’ हॉल हसला. गण संपेपर्यंत हसतच होता. साहेबसुद्धा.

‘‘वाईट कोणी नव्हते,’’ बाबा म्हणाले. ‘‘त्यांना वाटलं, आपण हसवायलाच आलोय.’’ मग थोड्या वेळाने, ‘‘माझे वडील त्या दिवशी बघायला आले होते. मागे दाराशी उभे होते.’’

त्यानंतर चाळ गावाला गेली. ती परत मुंबईत आली नाही.

मला वाटलं होतं की हे ऐकल्यावर मला राग येईल. आला तो स्वतःचा. सहा महिने मी हॉलमध्ये बूट आपटत होतो, ‘हा बघा माझा नवा छंद’ म्हणून स्टेटस टाकत होतो, आणि सोफ्यावर एक माणूस पेपरामागे तोंड लपवून माझ्या चुका मोजत होता.

गौरींची रात्र

2025 मध्ये गणपती 27 ऑगस्टला आले आणि गौरीपूजन 1 सप्टेंबरला, सोमवारी. मी सोमवार-मंगळवारची रजा टाकली. आई-बाबा आधीच गावाला होते.

संध्याकाळी बायकांचे फेर आणि फुगड्या झाल्या. रात्री दहानंतर शेजारच्या गावची पार्टी आली, शक्तीवाली. त्यांचे कपडे सॅटिनचे, जांभळे, कमरेला लुकलुकणारे दिवे, आणि गवळणीची चाल एका हिंदी आयटम साँगची. आमच्या कॉलेजच्या पोरांना ते दिवे हवेच होते. नानांनी नाही म्हटलं होतं. मला विचाराल तर दिव्यांचं माझं काही म्हणणं नाही, पोरं त्या दिव्यांसाठी रिंगणात येत असतील तर येऊ देत. पण चाल उसनी घेतली की ढोलकी तिच्यामागे फरफटते आणि पाय सुटे पडतात, हे त्या रात्री स्पष्ट ऐकू आलं. त्यांचा शाहीर मात्र जबरदस्त. त्याने टाकलेल्या सवालावर आमचे शाहीर चांगले पाच मिनिटं वही चाळत होते.

आमची पाळी आली. मी ओट्यावर बसून चाळ बांधत होतो. मागून दोन हात आले, माझी गाठ सोडली, पट्टा परत गुंडाळला, करकचून. ‘‘गाठ आतल्या बाजूला घ्यायची असते. बाहेर घेतलीस तर दुसऱ्याच्या पायात अडकल.’’ बाबा गावच्या भाषेत बोलत होते. त्यांच्या तोंडून ‘अडकल’ मी पहिल्यांदा ऐकलं.

गण बरा गेला. गवळणीत मी एकदा चुकलो, दोनदा चुकलो, तिसऱ्यांदा चुकताना सावरलो. काकू-माम्या, पोरंटोरं, मोबाइल वर धरलेले हात, सगळं फिरत होतं. एका वळणावर बाबा दिसले. खांबाला टेकून, हात मागे. काकाने मध्येच ढोलकीवर एक वेगळा तुकडा वाजवला आणि त्यांच्याकडे बघून मान हलवली. नाना म्हणाले, ‘‘त्याचा तुकडा हाय तो.’’ बाबा जागचे हलले नाहीत.

जवाब आमच्या शाहिरांना शेवटी सापडला. कोण जिंकलं यावर अजून वाद चालू आहे.

दीड वाजला. पाहुणे गेले, सतरंज्या गुंडाळल्या, काकी खळं झाडत होती. पाऊस थांबला होता. मी चाळ सोडून ओट्यावर ठेवली होती. बाबांनी ती उचलली, पायजमा गुडघ्यापर्यंत दुमडला आणि बांधली. गाठ आतल्या बाजूला.

ढोलकी नव्हती, गाणं नव्हतं. वय 66. रिकाम्या खळ्यात त्यांनी एक रिंगण घेतलं, सात माणसं पुढेमागे असल्यासारखं नेमकं अंतर ठेवून. काकीने केरसुणी बाजूला धरली. ते पुन्हा माझ्यासमोर आले, शेवटची गिरकी घेतली, उजवा पाय खाली आला. एक छनक. पुढे काही नाही. एकही घुंगरू नाही.

‘‘हे असं,’’ बाबा धापा टाकत म्हणाले. ‘‘तुझी अजून वाजते.’’